दहा मिनिटांची पेशंट

अगं बयो,

तुझा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी सकाळी गाडीत ऐकला. निशी-कासाईला तोझाई लाइनमध्ये चढले, कानात इअरफोन, आजूबाजूला गच्च गर्दी आणि चकार शब्द नाही. त्या शांततेत तुझं नाक ओढणं केवढ्यानं ऐकू येत होतं म्हणून सांगू! "सगळं विचारलं गं ताई. कधीपासून, किती दिवस, कसं वाढलं ते घेतलं, अ‍ॅलर्जी विचारली, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का तेही विचारलं. तरी दहात चार. आणि वर सर म्हणतात, तू पेशंटशी बोललीस कुठे, तू फॉर्म भरलास."

मला हसू आलं. रागावू नकोस. तू जिच्याकडे न बघता फॉर्म भरलास ना, तिच्या खुर्चीत मी गेली चार वर्षं अधूनमधून बसतेय. मावशीला हे कधी सांगितलं नाही, कारण ती म्हणाली असती, "रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून शेवटी आजारी पडायची नोकरी धरलीस होय?" नोकरी नाही ती. जाण्यायेण्याचं भाडं मिळतं, वर थोडं मानधन, आणि मधल्या सुट्टीत हिरवा चहा.

इथे जपानमध्ये याला 'मोगी कान्जा' म्हणतात. ठरवून दिलेलं दुखणं घेऊन बसलेला पेशंट. आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत, त्या हे काम कित्येक वर्षं करतात. त्या जातात त्या वैद्यकीय विद्यापीठात इंग्रजीतून मुलाखत घ्यायचा वर्ग होता, त्यासाठी परदेशी माणूस हवा होता. आजींनी मला नेलं. पुढे माझं जपानी ऐकून तिथल्या लोकांनी मला जपानी वर्गांनाही बसवायला सुरुवात केली. खऱ्या परीक्षेसाठी वेगळं प्रशिक्षण आणि मान्यता लागते, त्यात मी नाही. मी सरावाच्या वर्गातली. पण सरावातच मजा जास्त, कारण तिथे मुलाखत संपल्यावर पेशंटला तोंड उघडायची मुभा असते.

तुमची ऑस्की, म्हणजे पेशंटशी बोलणं-तपासणं प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा, तीच इथलीही 'ओस्की', शब्दसुद्धा तोच. जपानमध्ये वैद्यकीय शिक्षण सहा वर्षांचं. चौथ्या वर्षाच्या आसपास, वॉर्डात पाठवायच्या आधी, देशभर सगळ्यांची एकसारखी परीक्षा घेतात: एक संगणकावरची आणि एक ओस्की. २००५ पासून ती रीतसर चालू आहे. सहाव्या वर्षी आणखी एक ओस्की, ती २०२० पासून. आणि २०२३ च्या एप्रिलपासून वॉर्डाआधीच्या परीक्षेला कायद्याचं पाठबळ मिळालं. ती पास झालेल्यानेच पुढे शिक्षकांच्या देखरेखीखाली पेशंटला हात लावायचा. आता तर ती पास असल्याशिवाय डॉक्टरकीच्या राष्ट्रीय परीक्षेलाही बसता येत नाही. म्हणजे बोलता न येणं हे इथे कागदोपत्री नापास होण्याचं कारण ठरू शकतं. तुला दहात चार मिळाले म्हणून रडतेस, इकडे अख्खं वर्ष अडकू शकतं बाई!

आता ती दहा मिनिटं कशी असतात ते ऐक. मला आधी चार-पाच पानांची संहिता येते. नाव, वय, नवरा काय करतो, झोप कशी, दारू-सिगारेट, पोटात दुखायला कधी लागलं, काय खाल्लं की वाढतं. कुठली गोष्ट आपणहून सांगायची, कुठली विचारली तरच सांगायची, याच्या खुणा असतात. पहिलं वाक्य पक्कं ठरलेलं, आणि "आणखी सांगा" म्हटल्यावर किती सांगायचं तेही. सगळ्या विद्यार्थ्यांना सारखाच पेशंट मिळायला हवा ना. एखादा मुलगा देखणा आहे, गोड हसतो म्हणून मी त्याला चार लक्षणं फुकट द्यायची नाहीत. आणि शेवटच्या पानावर, तळाशी, एक गोष्ट असते. ती थेट प्रश्नाने निघत नाही. समोरच्याने जरा जागा केली तरच बाहेर येते.

घंटा होते, मुलगा आत येतो. "ओमातासे शिमाशिता", आपल्याला थांबावं लागलं, म्हणून वाकतो. नाव आणि जन्मतारीख माझ्याच तोंडून वदवतो, भलत्याच पेशंटवर भलतंच व्हायला नको म्हणून. मग ठरलेला प्रश्न: "क्यो वा दो सारेमाशिता का?" आज काय होतंय? आणि सगळं संपताना आणखी एक ठरलेला प्रश्न: सांगायचं काही राहून गेलं का?

मागच्या वर्षी माझ्या संहितेत पोटाच्या वरच्या भागात दुखणं होतं. तळाशी लिहिलं होतं, आई पोटाच्या कॅन्सरने गेली, आपल्यालाही तेच असेल अशी भीती, नवऱ्याला सांगितलेलं नाही.

पहिला मुलगा आला. त्याचं आदरार्थी जपानी इतकं घोटीव, की चहा देणाऱ्या बाईनेसुद्धा मान डोलावली असती. एकेक प्रश्न ओळीने. घरातल्या आजारांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आई पोटाच्या कॅन्सरने गेली." तो म्हणाला, "असं होय. बरं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" अगं, त्याचा आवाजसुद्धा बदलला नाही! मी अभिनय करत होते, माझी आई पुण्यात ठणठणीत आहे, रोज सकाळी पर्वती चढते, तरी मला क्षणभर खरंच पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. शेवटी त्याने विचारलं, "सांगायचं काही राहिलं का?" मी म्हटलं, "नाही." त्याचे सगळे प्रश्न विचारून झाले होते.

दुसरा अडखळत बोलायचा. अ‍ॅलर्जी विसरला, जन्मतारीख विचारायची ती मध्येच आठवून विचारली. पण आईचं ऐकल्यावर त्याची पेन्सिल थांबली. दोन, तीन सेकंद काहीच नाही. मग म्हणाला, "मग हे दुखायला लागल्यावर तुमच्या मनात काय आलं?" आणि मी ते तळाचं सगळं सांगून टाकलं, नवऱ्यासकट.

मग आमची पाळी. पेशंटने काय बोलायचं याचाही नियम आहे. "तू असं करायला हवं होतंस" म्हणायचं नाही. "तू तसं म्हणालास तेव्हा मला असं वाटलं" एवढंच. मी पहिल्याला म्हटलं, "आईचं सांगितल्यावर तुम्ही अ‍ॅलर्जीकडे गेलात, तेव्हा मला वाटलं पुढचं सांगण्यात अर्थ नाही." त्याचे कान लाल झाले. पोर वाईट नव्हतं गं. घरी जाताना आजी म्हणाल्या, पहिल्याने सगळी दारं ठोठावली, पण उघडायची वाट बघितली नाही. या बाईची अशी वाक्यं लिहून ठेवायला हवीत.

तर तुझे सर म्हणतात ते बहुतेक हेच. माझं प्रामाणिक मत विचारशील तर यादीला मी नावं ठेवणार नाही. यादी नसती तर दुसरा मुलगा अ‍ॅलर्जी विसरला हे कुणाच्या ध्यानात आलं असतं? पेनिसिलिनने माणूस जातो, मायेने वाचत नाही. म्हणून इथे परीक्षक एकेका मुद्द्यावर खूण करतात आणि शिवाय एकूण मुलाखत कशी झाली याचेही वेगळे गुण देतात. मला वाटतं तुझी यादी पूर्ण होती आणि तुझे गुण या दुसऱ्या भागात गेले. सरांना जाऊन नीट विचार. रडून नव्हे, वही घेऊन.

हे सोंग घेणारे पेशंट आले कुठून, तेही सांगते, कारण त्यात एक किस्सा आहे. हॉवर्ड बॅरोज नावाचे अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट होते. परीक्षेसाठी खरे पेशंट बसवायचे, त्यातल्या एकाने त्यांना नंतर सांगितलं की तो एक डॉक्टर माझ्याशी इतका वाईट वागला की मी मुद्दाम लक्षणं फिरवली! एका पायाची खूण दुसऱ्या पायावर दाखवली म्हणे. बघ म्हणजे, पेशंट डॉक्टरला नापास करू शकतो आणि डॉक्टरला पत्ताही लागत नाही. पुढे १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला बॅरोजनी एका निरोगी बाईला आजार शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. तेव्हा लोक हसले त्यांना. स्कॉटलंडमध्ये डंडीला रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ऑस्की मांडली. जपानमध्ये हे खोट्या पेशंटचं वारं आणण्यात शिगेआकी हिनोहारा यांचा मोठा हात. तोक्योच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयातले हे डॉक्टर १०५ वर्षं जगले. आणि ओस्की सुरुवातीला ज्यांनी करून बघितली त्यांत ओकायामा प्रांतातलं कावासाकी वैद्यकीय महाविद्यालय होतं. ओकायामा म्हटल्यावर काही आठवलं? सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग, जिथे तू शाळेच्या सहलीत तळ्यातले मासे मोजत बसली होतीस. ती तिथल्याच कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली.

पण मला सगळ्यात भावतं ते ओसाकाचं. १९९० मध्ये योशिको त्सुजिमोतो या बाईंनी पेशंटांच्या बाजूने एक संस्था काढली, आपण शहाणे पेशंट होऊ या म्हणत. डॉक्टर नव्हत्या त्या. त्या संस्थेनेही मोगी कान्जा तयार करून कॉलेजांत पाठवले. म्हणजे डॉक्टर घडवायच्या वर्गात पेशंट स्वतःच्या पायाने चालत गेले.

इथलं सगळं गोडगोड आहे असं समजू नकोस हं. तीन तास थांबायचं आणि तीन मिनिटं तपासायचं, ही म्हण जपानी आहे, आपल्या ससूनच्या ओपीडीतली नव्हे. मी स्वतः एका दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांचा फक्त कान दिसला, बाकी सगळं तोंड संगणकाकडे. जुने डॉक्टर पेशंटला समजावून सांगण्याला 'मुनतेरा' म्हणत. जर्मन शब्दांवरून घडवलेला, तोंडाने करायचा उपचार असा त्याचा अर्थ. केसपेपरलाही ते 'कारुते' म्हणतात, तोही जर्मनच. मुनतेरा शब्द मला आधी फार आवडला होता. मग आजींनी सांगितलं, त्यात बोलायचं डॉक्टरने आणि मान हलवायची पेशंटने. आता तरुण डॉक्टर तो शब्द फारसा वापरत नाहीत.

आणि कॅन्सर? तो तर पेशंटला सांगायचाच नाही, घरच्यांना सांगायचा, अशी इथे पद्धत होती. सम्राट हिरोहितो १९८९ च्या जानेवारीत गेले, त्यांना कॅन्सर होता हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. सम्राटाची ही कथा! आपल्याकडे तर "आईला काही बोलू नका हं डॉक्टर" हे वाक्य दारातच भेटतं. नंतर जपानी संशोधकांनी इथल्याच कॅन्सरच्या पेशंटांना विचारलं की वाईट बातमी तुम्हाला कशी सांगितलेली हवी, आणि त्यावरून डॉक्टरांसाठी 'शेअर' नावाची पद्धत बसवली. अमेरिकेतली 'स्पाइक्स' तुम्ही शिकता, तिची ही पूर्वेकडची बहीण म्हण. तिच्यात घरच्या माणसांची मनं सांभाळणंही धरलेलं आहे. तुला पुढे लागेल, कारण मिरज काय, लातूर काय, आपल्याकडे पेशंट एकटा कधी येतो? मागे दीर, भाऊ, सरपंच.

आता तुझ्या कामाचं. भाषेचं.

इथे आल्यावर मला सगळ्यात अवघड गेलं ते दुखण्याचं जपानी. हे लोक दुखणं आवाजात सांगतात. ठसठसणारं दुखणं 'झुकीझुकी'. सुई टोचल्यासारखं 'चिकुचिकु'. डोक्यात घण पडत असतील तर 'गानगान'. पोटात पिळवटलं तर 'किरीकिरी'. आणि बारीक, मऊ, न थांबणारं दुखणं म्हणजे 'शिकुशिकु'. हुंदके गिळत रडण्यालाही हाच शब्द. पोट शिकुशिकु दुखतं म्हणजे पोट आतल्या आत रडतंय! परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरला इथे परवाना हवा असेल तर जपानीतून पेशंट तपासता येतो का, याची वेगळी परीक्षा असते. मला खात्री आहे, त्यातले निम्मे या शब्दांना घाबरत असतील.

तू हसशील, पण तुझं तरी वेगळं काय आहे? तू पुण्यातली, कॉलेज पुण्याबाहेर, आणि समोरची बाई म्हणते, "डचमळतंय." दुसरी म्हणते, "जीव वरखाली होतोय." तिसरीच्या बरगडीत उसण भरलीय, चौथीच्या छातीत कळ येते, पाचवीचे हातपाय गळून जातात. ठणका वेगळा, चमक वेगळी, चरचर वेगळी. तुम्ही पोरी काय करता? तिने "डचमळतंय" म्हणायचा अवकाश, डोक्यात 'नॉशिया' लिहून मोकळ्या. पुढचा प्रश्न तिला कळत नाही कारण तो तुमच्या शब्दातून येतो. तिचाच शब्द तिला परत दे. "डचमळतंय म्हणजे कसं? खाल्ल्यावर डचमळतं की उपाशीपोटी?" बघ ती कशी सरसावून बसते. पाठच्या पानावर एक यादी कर, तिकडच्या दुखण्याच्या शब्दांची. सिस्टरांना, वॉर्डातल्या मावशींना विचार. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात तुम्हाला सुरुवातीलाच स्थानिक भाषेचे तास आहेत आणि वागणूक, नीती, संवाद शिकवणारं ते 'अ‍ॅटकॉम' आहे, हे मला ठाऊक आहे. तू त्या तासांना काय करत होतीस, तेही मला ठाऊक आहे.

हुंकाराकडेही लक्ष दे. जपानीत त्याला 'आइझुची' म्हणतात. समोरचा बोलत असताना मध्येमध्ये "हं", "असं का" म्हणत राहायचं, नाहीतर त्याला वाटतं फोन कट झाला. पण तेच घाईने "हाइ, हाइ, हाइ" केलं की अर्थ होतो, आटपा. आपल्या ओपीडीतलं "हां हां, पुढे?" हे त्याचंच भावंड. १९८४ मध्ये अमेरिकेत दोघा संशोधकांनी डॉक्टर-पेशंटांची बोलणी ध्वनिमुद्रित करून मोजली, तर पेशंटने तोंड उघडल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये पडत होते. तुझं मोजून बघ एकदा. मी माझं, नवऱ्याशी बोलतानाचं, मोजलं होतं. आकडा सांगणार नाही.

आणि "काही नाही हो" वर विश्वास ठेवायचा नाही. इकडे "दाइजोबु देसु" म्हणतात, चाललंय ठीक, आणि तोवर माणूस ताप घेऊन तीन दिवस कामावर गेलेला असतो. समोरच्याला तसदी नको म्हणून मागे सरणं, त्याला इथे 'एन्र्यो' म्हणतात. आपल्याकडे ती बाई "बरं हाय की" म्हणते आणि तिच्या वतीने नवराच सगळी लक्षणं सांगतो, पाळीसुद्धा. अशा वेळी भांडायचं नाही. "मामा, जरा केसपेपरवर शिक्का मारून आणता का?" म्हणायचं. शिक्क्याच्या खिडकीला रांग असतेच. तेवढ्यात विचार.

काय विचारायचं? दुसऱ्या मुलाने विचारलं तेच. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशाने झालं असेल? इथे मुलांना हा प्रश्न शिकवतात. आपल्याकडे उत्तर येईल, उष्ण पडलं, दृष्ट लागली, बाहेरचं आहे, पपई खाल्ली. हसू आलं तर गिळ. दृष्ट लागली म्हणणारी बाई तुला तिच्या जावेबद्दल सांगत असते, आणि जावेमागून घरातली मारहाण बाहेर येते. हे मला एकीने सांगितलंय, तुझ्याच लाइनमधली आहे ती, दहा वर्षं पुढची.

तुझ्याबद्दल मला काळजी नाही, कारण तू मुळात बडबडी आहेस आणि तरी लहानपणी आजीचे पाय चेपताना तासन् तास गप्प बसून ऐकायचीस. परीक्षेत तुला घड्याळ दिसतं आणि तू पळायला लागतेस, एवढंच झालंय.

तर येत्या रविवारी, तुझ्या रात्री आठला, म्हणजे माझ्या साडेअकराला, व्हिडिओ लाव. ऐन परीक्षेसारखं, दहा मिनिटं. पांढरा कोट घालून बस, पाठीमागे गादीवर कपड्यांचा ढीग नको. मी अठ्ठावन्न वर्षांची, सांगोल्याकडची, डाळिंबाच्या बागेत कामाला जाणारी. नवरा बरोबर आलाय, त्याचं काम तुझे भावोजी करणार आहेत आणि ते मध्ये बोलायला आत्तापासून उतावीळ आहेत. माझं पहिलं वाक्य ठरलंय: "काही नाही ओ डॉक्टरीणबाई, हे म्हणले दाखवून घेऊ." तळाशी काय लिहिलंय ते मी आजींना जपानीत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, फार अवघड करू नकोस, पोरगी आहे ती. मी केलंय.